डीट्रिक मिलच्या फायर हॉलमधला जज

एल्वूड रीडनावर पहिल्यांदा निवडून आला तो नऊ मतांनी, आणि ती नऊही मतं थट्टेची होती. हे डीट्रिक मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. त्याला एकट्याला नव्हतं.

आमच्या पेनसिल्व्हेनियात मतदान केंद्रावरचा मुख्य माणूससुद्धा मतांनीच निवडला जातो. त्याला जज म्हणतात. कोर्टाशी त्याचा काही संबंध नसतो. सकाळी सातला केंद्र उघडायचं, रात्री आठला बंद करायचं, मधली भांडणं मिटवायची आणि आकडे सीलबंद करून काउंटीच्या कचेरीत पोचवायचे. चौदा-पंधरा तास बसून राहायचं काम, म्हणून त्या जागेसाठी कुणी उभंच राहत नसे. मतदानाच्या मशीनवर इतर जागांखाली नावं आणि लीव्हर असायचे, या जागेखाली कोरी पट्टी. ज्याला हौस असेल त्यानं वरची पत्र्याची खिटी सरकवायची आणि आतल्या कागदाच्या गुंडाळीवर पेन्सिलीनं एखादं नाव लिहायचं. बहुतेक जण ती खिटी बघतसुद्धा नसत.

त्या वर्षी फायर कंपनीच्या, म्हणजे गावातल्या हौशी आग विझवणाऱ्यांच्या, सॉफ्टबॉल टीमनं ती बघितली; मतदानही त्यांच्याच हॉलमध्ये असायचं. कल्पना डेनी कर्शनरची. डेनीचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं आणि फायर कंपनीचा अध्यक्षही तोच. मी पाखरांचे दाणे घ्यायला गेले होते आणि ही पोरं काउंटरपाशी उभी होती. पोरं म्हणजे चाळिशीची.

“एल्वूडला जज करू या,” डेनी म्हणाला. “जन्मभर अंडी तपासली त्यानं. आता आपल्याला तपासू दे.”

सगळे हसले. माझे दाणे तोलता तोलता डेनीनं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मीही हसले.

एल्वूड तेव्हा बावन्न वर्षांचा होता. अंड्यांच्या सहकारी संस्थेत एकतीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून तो एकेक अंडं दिव्यासमोर धरत आला होता. आत रक्ताचा ठिपका दिसला तर बाजूला, कवच तडकलं असेल तर बाजूला, बाकीचं पुढं. त्यामुळं उजेडात आला की त्याचे डोळे सारखे मिचमिचायचे आणि लोकांना वाटायचं, हा जरा मंद आहे. बोलायचाही सावकाश. काही विचारलं तर आपण निघून पार्किंगमध्ये पोचेपर्यंत उत्तर यायचं. आई गेल्यावरही तो त्याच घरात एकटा राहिला, तिच्यासारखाच साडेचारला जेवायचा आणि रविवारी चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसायचा. लग्न झालं नव्हतं. कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. अशा माणसाची थट्टा करणं फार सोपं असतं, कारण दुखलं तर ओरडणारं कुणी नसतं.

जानेवारीत काउंटीचं पत्र आलं तेव्हा तो चालत डॉटी हेफरकडे गेला. जजच्या हाताखाली टेबलावर दोन पक्षांची दोन माणसं लागतात. मोठ्या पक्षाची डॉटी, धाकट्या पक्षाची मी. माझी निवड काही गुणांवर झाली नव्हती, आमच्या भागात त्या पक्षात नाव नोंदवलेलं आणि दिवसभर बसायला रिकामं दुसरं कुणी सापडलं नाही, एवढंच. डॉटी सत्तरीची, जिभेनं तिखट. तिनं मला सगळं सांगितलं.

“दारात टोपी काढून उभा. म्हणतो, डॉटी, हे नऊ जण कोण असतील? आता मी काय सांगू शॅली? म्हटलं, बाबा रे, गुप्त मतदान असतं ते. तर म्हणतो, बरोबर आहे, मी विचारायला नको होतं. आणि माफी मागून गेला.”

गावात मला शॅलीच म्हणत. शालिनी म्हणायला त्यांना वेळ नव्हता. एल्वूड तेवढा पहिल्या दिवसापासून मिसेस ओक म्हणायचा.

त्यानं चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून तपकिरी सूट घेतला. काउंटीनं दिलेल्या नियमांच्या पुस्तकाला कव्हर घातलं आणि ते पाठ केलं. पुस्तकात होतं की केंद्र उघडताना तसं मोठ्यानं जाहीर करावं. आधीचा जज ते दारातल्या दारात पुटपुटायचा. एल्वूड सकाळी सातला फायर हॉलच्या बाहेर येऊन, रस्त्याकडे तोंड करून, खणखणीत आवाजात सांगायचा की मतदान सुरू झालं आहे. रस्त्यावर धुकं असायचं. एवढा आवाज त्याच्यात कुठून आला कुणास ठाऊक.

प्रचार करायला बंदी असलेलं अंतर तो स्वतःच्या टेपनं मोजून खडूनं आखायचा. डेनीची बायको उमेदवाराचा बिल्ला लावून आली तर तिला त्यानं परत गाडीत पाठवलं. बिल्ला स्वेटरला इतका घट्ट बसला होता की ती शेवटी स्वेटर काढून, थंडीत कुडकुडत येऊन मत देऊन गेली. आणि रात्री मतं मोजून झाली की आकड्यांची पिशवी मांडीवर घेऊन तो काउंटीच्या गावाला निघायचा. चाळीस मिनिटांचा रस्ता, वाटेत लघवीलासुद्धा थांबायचा नाही.

“काय जजसाहेब, मला आत सोडताय ना?” लोक मुद्दाम वाकून विचारायचे.

“नाव सांगा,” एल्वूड म्हणायचा. लहानपणापासून शेजारी राहणाऱ्यालाही तो नाव विचारायचा, कारण पुस्तकात तसं होतं.

गव्हर्नरची निवडणूक झाली, सिनेटची झाली. आमच्या केंद्राच्या कागदात एक खाडाखोड नव्हती. काउंटीतून डॉटीला फोन आला की तुमचा नवा जज कोण आहे, असे कागद आम्ही बघितले नाहीत. डॉटीनं हे त्याला सांगितलं, तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला आणि शौचालयात जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही. लोक त्याला हसत होते, पण आता त्याच्याजवळ रांगेत उभे राहून हसत होते, आणि त्याला ते मैत्रीसारखं वाटत असावं.

मग अध्यक्षीय निवडणूक आली. त्याच मशीनवर आमच्या मतदारसंघाची राज्य विधानसभेची जागा होती, आणि तिला डेनीचा जावई क्रेग उभा होता.

डेनी त्या दिवशी पहाटेपासून पिकअप घेऊन फिरत होता. म्हाताऱ्यांना घरातून उचलून आणत होता, परत सोडत होता. स्वतः मत द्यायचं राहून गेलं. संध्याकाळी साडेसातला तो हॉलमध्ये आला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. फायर कंपनीच्या बायका दर निवडणुकीला तिथं हॅम आणि बीन्सचं सूप विकतात, काकवीची पाई विकतात. मतदानाचा हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसतं लाकडी पार्टिशन आहे. डेनी दमला होता. आपण पोचलो, आता काय घाई, असं त्याला वाटलं. आमच्याकडे कुणालाही तसंच वाटलं असतं. त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की माणूस पोचला.

आठ वाजले. रांग संपली होती. एल्वूडनं बाहेर जाऊन मतदान संपल्याचं जाहीर केलं, दार लावलं आणि मशीनला कुलूप घातलं. तेवढ्यात पार्टिशनमागून डेनी आला. हातात वाडगा.

“माझं राहिलंय,” तो म्हणाला.

“मतदान बंद झालं,” एल्वूड म्हणाला. “दार लावलं.”

“लाव ना. मी आतच आहे.”

“तू स्वयंपाकघरात होतास.”

“मग? स्वयंपाकघर काय ओहायोत आहे?”

डॉटी हसली. एल्वूडचे डोळे मिचमिचत होते. “आठला जो रांगेत असेल त्याला देता येतं. रांग नव्हती.”

“रांग नव्हती कारण मी एकटाच राहिलो होतो. एका माणसाची रांग कशी दिसते एल्वूड? मी उभा होतो तिकडं.”

“बसला होतास. चमचा वाजत होता.”

“तिथल्या घड्याळात अजून आठला चार कमी आहेत. बघ जाऊन.”

“ते घड्याळ मागं आहे. दुरुस्त करा म्हणून मी ऑगस्टमध्ये फायर कंपनीला पत्र दिलंय.” एल्वूड थोडा थांबला. “अध्यक्षांच्या नावे.”

डेनीनं वाडगा टेबलावर ठेवला. आता तो चेष्टेत नव्हता. “एल्वूड, क्रेगची जागा आहे. तूसुद्धा त्यालाच दिलं असशील. मशीन उघड.”

एल्वूड माझ्याकडे वळला. “मिसेस ओक, तुमच्या घड्याळात किती वाजलेत?”

मी मनगट पुढं केलं. “आठ वाजून दोन मिनिटं,” त्यानं वाचलं, आणि मी मान हलवली. त्यानं किल्ली खिशात टाकली.

सबंध मतदारसंघात क्रेग एका मतानं पडला.

तीन आठवडे फेरमोजणी चालली. सगळ्या केंद्रांमध्ये काही ना काही इकडचं तिकडं निघालं, पण शेवटी ते एक मत तसंच राहिलं. आमच्या केंद्राच्या आकड्यांत काहीच चूक सापडली नाही, आणि लोकांनी त्याबद्दलच एल्वूडला माफ केलं नाही. बरोबरी झाली असती तर राजधानीत पिशवीतून आकडा काढून निकाल लागला असता. डेनी ज्याला त्याला सांगायचा, “अर्धी आमदारकी होती माझ्या वाडग्यात.”

एके दिवशी मी दुकानात असताना त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “शॅली, तुझ्या घड्याळात खरंच आठ वाजून गेले होते?”

काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. आमची गाडी दर हिवाळ्यात बर्फात रुतायची, आणि ती ओढून काढायला डेनीचा ट्रक यायचा. पैसे घ्यायचा नाही. माझे यजमान चुनखडीच्या खाणीवर इंजिनिअर होते आणि खाणीतली निम्मी माणसं डेनीची नातलग. हे सगळं तेव्हा मी मोजलं असं नाही. पण तोंडातून आलं ते असं, “मी नीट बघितलं नाही. तो म्हणाला, मी मान हलवली.”

दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं की शॅलीच्या घड्याळातसुद्धा आठ वाजले नव्हते. त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखाच देवापुढं दिवा लावला, हे मला आता जास्त आठवतं.

नंतरचं वर्ष लोकांनी एल्वूडला दिलं ते असं. त्याच्या पायरीवर नासक्या अंड्यांचं खोकं, वर चिठ्ठी, तपासून घ्या. चर्चमध्ये तो बसला की पुढच्या बाकावरचे सरकून बसायचे. नवीन वर्षाच्या दिवशी फायर हॉलमध्ये डुकराचं मांस आणि आंबवलेल्या कोबीचं जेवण असतं, सगळं गाव येतं. एल्वूड भर दुपारी ताट घेऊन रांगेत उभा राहिला. वाढणाऱ्या बाईनं डाव खाली ठेवला.

“किचन बंद झालं एल्वूड. आठ वाजून दोन मिनिटं.”

लोक हसले. एल्वूडनं स्वतःचं घड्याळ बघितलं. “बारा वाजलेत,” तो म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. त्याच्या बाजूनं माणसं पुढं जात राहिली, ताटं भरून घेत राहिली. पाऊण तासानं त्यानं आपलं ताट चळतीवर परत ठेवलं, आधी पुसून, आणि घरी गेला. मी तीन टेबलं पलीकडं जेवत होते.

फेब्रुवारीत तो सह्यांसाठी फिरला. त्याची चार वर्षं त्या नोव्हेंबरात संपत होती. मशीनवर नाव छापून यायचं तर आपल्या पक्षाच्या दहा मतदारांच्या सह्या लागतात. पहिल्या वेळी त्याला हे करावं लागलं नव्हतं. या वेळी त्याला नीट, छापील नावानं निवडून यायचं होतं. कुणी म्हणालं चष्मा सापडत नाही, कुणी म्हणालं कागद ठेवून जा. ठेवलेला कागद परत मागायला गेला तर त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला. डॉटीनं केली, पाद्र्यानं केली, आणखी दोघांनी. चार झाल्या.

माझ्याकडे आला तेव्हा त्यानं दारातच बूट काढले. आमच्याकडे काढतात हे त्याच्या लक्षात होतं.

“तुमची सही चालणार नाही मिसेस ओक,” तो म्हणाला. “तुमची नोंद दुसऱ्या पक्षात आहे. मी फक्त सांगायला आलो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की विचारलं नाही.”

मला हायसं वाटलं. सही चालली असती तर मी काय केलं असतं, या प्रश्नातून सुटले.

“नाव छापून येणार नाही,” तो म्हणाला. “पण दुसरंही कुणी उभं नाही. म्हणजे पुन्हा कागदावरच लिहितील. मागच्या वेळी मी काही न करता नऊ जणांनी आपणहून लिहिलं होतं. आता तर चार वर्षं काम बघितलंय त्यांनी. डेनीकडचे नाही लिहिणार. पण त्या नऊतले सात-आठ तरी लिहितील ना?”

ते नऊ जण डेनीचेच होते. ते मला तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर तो घरी गेला असता, चार दिवस दुखलं असतं आणि संपलं असतं. मी म्हटलं, “चहा घेणार का?”

नोव्हेंबरातली ती निवडणूक राज्याच्या न्यायाधीशांची होती. अशा वर्षी कुणी फिरकत नाही. ज्या न्यायाधीशांची नावं ऐकलेली नसतात त्यांच्यासाठी सकाळी उठून कोण येणार? पण त्या दिवशी सकाळपासून लोक येत होते. दोघे-तिघे मिळून येत, आत पडद्यामागं जात, बराच वेळ लावत, ओठ दाबून बाहेर पडत. एका पडद्यामागून भुंकल्यासारखा आवाज आला आणि रांगेतल्या बायकांनी तोंडावर रुमाल धरले. मला दुपारपर्यंत कळलं होतं काय चाललंय. डॉटीलाही कळलं होतं. ती खाली मान घालून विणत होती, टाके चुकत होते, उसवत होती.

एल्वूडला वाटलं लोक न्यायाधीशांसाठी आलेत. मग त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक जण वरची खिटी सरकवतोय, कारण ती वाजते. त्याचा चेहरा बघवत नव्हता, इतका खूश होता. पडद्याआड दोरीला बांधलेली पेन्सिल असते. ती बोथट झाली की तो खिशातल्या चाकूनं तासून द्यायचा. त्या दिवशी त्यानं ती तीनदा तासली. तिसऱ्यांदा माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, “मिसेस ओक, खूप जण लिहितायत.”

संध्याकाळी मी माझं मत द्यायला पडद्यामागं गेले. खिटीवर बोट ठेवलं. मनात आलं, रात्री ही गुंडाळी टेबलावर उलगडणार, माझं अक्षर डॉटी ओळखते, डेनीही ओळखतो. दुकानात किती चिठ्ठ्या लिहून दिल्यात मी. दुसरं कुणीतरी लिहीलच, असंही मनात आलं. मी खिटी उघडली नाही.

आठला दार लागलं तेव्हा आत तीसेक माणसं होती. मोजणी बघायला कुणीही थांबू शकतं, पण एरवी कुणी थांबत नाही. सूपचे वाडगे घेऊन सगळे भिंतीला टेकले. डेनी पुढं, त्याचा शिकारी कुत्रा टकर पायाशी.

एल्वूडनं मशीनची मागची बाजू उघडली. न्यायाधीशांचे आकडे एकेक करून वाचले, डॉटीनं एका कागदावर उतरवले, मी दुसऱ्या. मग त्यानं गुंडाळी काढून टेबलावर पसरली. हातानं लिहिलेली नावं जजनं मोठ्यानं वाचायची असतात.

“मतदान केंद्राचा जज,” तो म्हणाला आणि पहिलं नाव बघितलं. त्याला उत्तराला वेळ लागतो तसाच वेळ लागला. “टकर कर्शनर.”

भिंतीपाशी कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. कुत्र्यानं आपलं नाव ऐकून कान टवकारले.

“लिहा,” एल्वूड आम्हाला म्हणाला. “टकर कर्शनर, एक.”

“एल्वूड, सोड ना ते,” डॉटी म्हणाली. “नुसता आकडा टाकू.”

“वाचायचं असतं.” त्यानं बोट पुढं सरकवलं. “टकर कर्शनर, दोन. टकर कर्शनर, तीन. टकर. नुसतं टकर. याची वेगळी ओळ करा, आडनाव नाही. टकर कर्शनर, चार.”

हॉल हसून हसून लोळत होता. एक जण भुंकला, मग दोघे-तिघे भुंकले. एल्वूड थांबला नाही. आवाज सातला जाहीर करतानाचा, तोच. “टकर, कंसात कुत्रा. वेगळी ओळ. टकर कर्शनर, सतरा.” त्यांना वाटलं होतं तो रडेल, नाहीतर कागद फेकून निघून जाईल. तो एकेक नाव बोटाखाली धरून वाचत होता. हळूहळू लोकांना कंटाळा आला. काही जण वाडगे ठेवून कोट घालायला लागले.

एकसष्ट मतं कुत्र्याला होती. गुंडाळीच्या शेवटाजवळ त्याचं बोट थांबलं.

“एल्वूड रीडनावर,” तो म्हणाला. “एक.”

मी लिहिलं. ते एक मत माझं नव्हतं.

डेनी टेबलाशी आला. “मनाला लावून घेऊ नकोस. गंमत होती.”

“तुझ्या कुत्र्याचं नाव मतदार यादीत नाही,” एल्वूड गुंडाळी पाकिटात घालत म्हणाला. “ही एकसष्ट मतं वाया गेली.”

“नाही रे,” डेनी म्हणाला. “एकही वाया गेलं नाही.”

एल्वूडनं पाकिटाला सील लावलं, पिशवी उचलली आणि काउंटीच्या गावाला निघाला.

डिसेंबरात तो पुन्हा माझ्या दारात बूट काढून उभा होता. हातात काउंटीचं पत्र. कुत्रा अपात्र, म्हणून उरलेल्यांत सर्वाधिक मतं मिळालेला उमेदवार एल्वूड रीडनावर, मतं एक, निवडून आलेला आहे. जागा मान्य असेल तर सही करून पाठवावं.

तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि कागद टेबलावर सरळ केला.

“मी स्वतःला दिलं नव्हतं,” तो म्हणाला. “बरं दिसलं नसतं ते.” मग कागदावरून नजर वर केली. “ते तुमचं होतं ना, मिसेस ओक?”

माझ्या मागं कोनाड्यात देव होते.

“हो,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, पेन काढलं आणि तिथंच सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या टेबलक्लॉथवर उमटलं. “मग ठीक आहे,” तो म्हणाला. “एका माणसाला जरी खरोखर हवं असेल तर जायला पाहिजे.”

मला वाटलं मी दया केली. नाही म्हटलं असतं तर तो त्या कागदाची घडी करून घरी गेला असता आणि आम्हा सगळ्यांतून सुटला असता. माझ्या ‘हो’मुळं तो आणखी चार वर्षं त्या टेबलाशी बांधला गेला.

मे महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक होती. दारातून येणारा दर दुसरा माणूस विचारायचा, “टकर नाही आला आज? मग त्याच्या डेप्युटीकडूनच काम भागवू.” एल्वूड म्हणायचा, “नाव सांगा.” हसणं फार वाढलं की तो माझ्याकडे बघायचा. आपल्या माणसाकडे बघावं तसं. मी यादीत डोकं घालून बसायचे.

रात्री मोजणी झाली. डेनी दाराला टेकून होता. “एका मताचा जज,” तो म्हणाला. “ते एक तरी कुणाचं, एल्वूड? तुझंच ना? पडद्यामागं उभं राहून स्वतःचं नाव लिहिताना कसं वाटलं?”

डॉटीनं विणकाम टेबलावर आपटलं.

“माझं होतं ते,” ती म्हणाली. “मी लिहिलं. पुन्हा लिहीन. तुझ्या कुत्र्याच्या अकलेचं गाव आहे हे, डेनी, आणि मीही त्यातलीच, पण तेवढं एक काम मी केलंय. आता घरी जा.”

डेनी गेला. हॉलमध्ये आम्ही तिघंच उरलो. एल्वूड डॉटीकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळे मिचमिचले नाहीत. त्यानं हात पुढं केला.

“तुमचा कागद द्या, मिसेस ओक.”

मी दिला. डॉटीच्या कागदावर त्यानं न बघता सही केली. माझा कागद दिव्याखाली घेतला आणि पहिल्या ओळीपासून एकेक रेघ बोटानं मोजली, बेरीज केली, पुन्हा वरून खाली मोजली. सगळं बरोबर होतं. मग सही केली.

त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला, गव्हर्नरच्या, सिनेटच्या, न्यायाधीशांच्या, त्याची मुदत संपेपर्यंत, तो डॉटीचा कागद तसाच घ्यायचा आणि माझा दोनदा मोजायचा. आम्ही उभ्या राहून वाट बघायचो. चूक एकदाही सापडली नाही. तरी तो मोजायचा.